भिंतीवरचे मासे

खात्याची मागची भिंत अजून उभी आहे. खातं म्हणजे आमच्या सुरतेच्या बोलीत लूमची शेड. शेड पाडली, लूम भंगारात गेले, शेठनं धंदा बदलला, पण मागची भिंत शेजारच्या गोदामाच्या कामाची होती म्हणून राहिली. तिच्यावर दोनदा चुना मारून झाला. एकदा कसलीशी जाहिरातही रंगवली होती. तरी संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की खिळ्यानं कोरलेले मासे दिसतात. कमरेच्या उंचीवर, एकापुढे एक, ओळीनं. पावसाच्या पाण्याचा पाइप आहे, त्याच्या पलीकडे सहा मासे आहेत. ते सहाही खोटे आहेत. कोरले मीच.

आमच्या कबड्डी मंडळाची आताची पोरं मागे लागली, "बाबा, तुम्ही पहिल्यापासूनचे, इतिहास लिहून द्या, फलकावर लावतो." त्यांना कप पाहिजेत, ढाली पाहिजेत, कोणाला कुठं हरवलं ते पाहिजे. ते मी एका कागदावर लिहून दिलं. चौथीपर्यंत शिकलो असलो तरी तेवढं येतं मला, कोणाच्या हातापाया पडावं लागत नाही. हे लिहितोय ते वेगळं. हे माझ्या धाकट्या भावाच्या दमाचं आहे, आणि ते फलकावर लावायचं नाही.

नव्वद साल नुकतंच लागलं होतं. सुरतेच्या गोडादऱ्यात आम्ही नऊ जण खानदेशातले, जवळजवळच्या गावांचे, एकाच खात्यात कामाला. गावाला नदीच्या वाळूत हुतूतू खेळलेलो. इथं बारा तास लूमपाशी उभं राहून पायाचं लाकूड व्हायचं. एका रविवारी मी म्हटलं, आपण मंडळ काढू. कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. मी पावडं घेऊन खात्यामागच्या मोकळ्या जागेत उतरलो. दुपारपर्यंत आठही जण आले.

ती जागा म्हणजे तुटक्या कांड्या, काचा, सुताचा गुंता. महिनाभर रविवार-रविवार वेचत होतो. माती चलथाणहून आणली. आमच्यातल्या एकाचा साडू तिथल्या साखर कारखान्याला ऊस वाहायचा, तो येता-जाता ट्रॉलीतून टाकून गेला. उसाच्या शेतातली काळी माती, चाळून, शेण कालवून, पाणी मारून पायानं तुडवली. बनियनी डाइंग मिलमधल्या एका गाववाल्यानं उरल्या रंगात बुडवून दिल्या. सात बनियनी, सात तऱ्हेचं निळं. पहिल्याच सामन्यात समोरचे ओरडले, "अहो, तुमचा धोबी रंगांधळा आहे का?" आम्ही तो सामना जिंकलो. नंतर कोणी धोब्याचं नाव काढलं नाही.

आता खात्यातल्या बोलण्याबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

एका शेडमध्ये अठ्ठेचाळीस लूम. सगळे एकदम चालतात तेव्हा कानात आवाज राहत नाही, नुसता दाब राहतो. तिथं तोंडानं बोलून काही ऐकू जात नाही. म्हणून कारीगर ओठ वाचतात. नवीन माणूस तीन महिन्यांत शिकतो. दहा लूम पलीकडचा माणूस म्हणाला, 'तार तुटला बघ,' की मी बघायचो. आम्ही शिव्या तशाच द्यायचो, थट्टा तशीच करायचो, घशातून आवाज काढायची गरजच नव्हती. वर्षं गेली की माणूस बाहेरही तेच करायला लागतो. समोरच्याच्या तोंडाकडे बघतो आणि त्याला वाटतं, आपल्याला ऐकू येतंय. माझी बायको म्हणायची, "तुम्ही पाठ फिरवली की मी भिंतीशी बोलते." मी म्हणायचो, तू हळू बोलतेस.

आम्हाला दुसऱ्या मंडळांनी नाव ठेवलं होतं, बहिऱ्यांचं मंडळ. त्या नावावरून मी दोनदा हातघाईवर आलो होतो. एकदा दात गेला. तो समोरच्याचा.

कबड्डीत दम म्हणजे काय, हे वाचणाऱ्यातल्या कोणाला माहीत नसेल तर सांगतो. चढाई करणाऱ्यानं एका श्वासात कबड्डी-कबड्डी म्हणत समोरच्या अंगणात जायचं, गडी मारायचे आणि तोच श्वास सांभाळून परत यायचं. श्वास तुटला की गडी बाद. म्हणणं पंचाला ऐकू यायला पाहिजे.

म्हणून मी नियम काढला. दर रविवारी सकाळी प्रत्येक गड्यानं त्या मागच्या भिंतीला धरून चालायचं, एका दमात कबड्डी म्हणत. मी त्याच्या समोर तोंड करून उलटा चालायचो. दम तुटेल तिथं मी खिळ्यानं खूण कोरायचो. नावं लिहिण्यापेक्षा चित्रं बरी, म्हणून एकाचा विंचू, एकाचा चाकाचा गोल, एकाची विळी. तीन रविवार ज्याची खूण मागे सरकली त्यानं सामन्यात बसायचं नाही, मैदानावर पाणी मारायचं. नियम माझा होता. कोणी मोडायला सांगितला असता तर मी मोडला नसता.

भाऊ मंडळ निघाल्यावर दोन वर्षांनी गावाहून आला. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. अंगानं शिडशिडीत, खांदे निसरडे. पकडीत सापडला तरी मासा हातातून जावा तसा जायचा. म्हणून त्याची खूण मासा. पहिल्याच रविवारी त्याचा मासा सगळ्यांच्या पुढे, खिडकीपाशी गेला. मी जिल्ह्यातली, लिंबायतची, पार इच्छापोरपर्यंतच्या कारखान्यांतली मंडळं बघितली होती. असा दम कोणाचा नव्हता. सामन्याच्या आधी मी त्याला विचारायचो, "दम शे का?" आमच्या अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. तो म्हणायचा, "शे ना, दादा." एवढं झालं की आम्ही मैदानात उतरायचो. ते आमचं देवाला नारळ फोडण्यासारखं होतं.

मग प्लेगचं साल आलं.

त्या आठवड्यात सुरत कशी रिकामी झाली ते सगळ्यांना माहीत आहे. आम्हीही गेलो. गावकऱ्यांनी आम्हाला आठ दिवस शाळेच्या आवारात ठेवलं, घरात घेतलं नाही. माय लांबून भाकरी ठेवून जायची. महिना-दीड महिन्यानं परत आलो तेव्हा खातं चालू होतं, पण माणसं बदलली होती. कोणी खोकलं की आजूबाजूचे सरकायचे. शेठचा माणूस सकाळी दारात उभा राहायचा. जो खोकेल त्याला म्हणायचा, "घरे जाव, सारा थई जाव, पछी आवजो." घरी जा, बरे व्हा, मग या. त्यातले बरेच परत आलेच नाहीत. एका खोलीत सात-सात माणसं राहायची, तिथंही तेच. दोन दिवस कोणी खोकला की तिसऱ्या दिवशी त्याची ट्रंक दाराबाहेर.

या हवेत माझ्या भावानं खोकला गिळायला शिकून घेतलं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की तो कमी बोलतो.

तो आमच्याच घरात, पुढच्या पडवीत झोपायचा. हिवाळा लागला. बायको एक दिवस म्हणाली, "भावजी बसून झोपतात."

"बसून कसं झोपेल?"

"भिंतीला टेकून. आणि त्यांची चादर मी रोज वाळत घालते. हिवाळ्यात एवढा घाम कोणाला येतो?"

"गडी आहे. कसरत करतो. घाम येणारच."

"भाकरीचा घास हातात धरून थांबतात. मी बघितलं."

मी म्हटलं, तुला सगळ्यांचं बघत बसायला वेळ बरा मिळतो. तिनं त्याच्या ताटात तूप जास्त घालायला सुरुवात केली.

मंडळात कोपऱ्याला खेळणारा एक वयस्कर गडी होता, त्याला सगळे नाना म्हणायचे. बचावात आम्ही साखळी धरतो, हातात हात. सरावानंतर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तुझ्या भावाचा हात तव्यासारखा तापलेला आहे. आज नाही, रोज."

"गडी गरमच पाहिजे, नाना. गार असता तर घाबरायचं."

"मी चेष्टा करत नाही."

"मग भिंतीकडे बघ," मी म्हटलं.

कारण भिंत माझ्या बाजूनं होती. बाकीच्या सगळ्यांच्या खुणा गावाला जाऊन आल्यापासून मागे सरकल्या होत्या. विंचू मागे, विळी मागे, नानाचं चाक तर पार दरवाज्यापाशी. आणि भावाचा मासा पुढे जात होता. खिडकी मागे टाकली. एका रविवारी पाइपाशी पोचला. पुढच्या रविवारी पाइपाच्या पलीकडे. मी त्याच्यासमोर उलटा चालत होतो, त्याचे ओठ हलत होते, कबड्डी-कबड्डी-कबड्डी, डोळे माझ्या डोळ्यांवर. माणूस वाळत होता, बनियन अंगावर पडद्यासारखी हलायची, गालात खड्डे पडले होते, आणि दम वाढत होता. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मी खिळा खोल दाबून कोरलं. पोरं टाळ्या वाजवत होती. तो भिंतीला हात लावून उभा राहिला, तोंड भिंतीकडे करून, बराच वेळ. मला वाटलं, मासा बघतोय.

त्याच सुमारास स्पर्धा ठरली. शाळा, बँका, सरकारी कचेऱ्यांत असलेल्या मराठी लोकांचं एक मंडळ होतं. धुतलेल्या कपड्यांची माणसं, मुलं इंग्रजी शाळेत. ते आम्हाला वाईट वागवायचे असं नाही. पण आम्ही गेलो की खुर्च्या कमी पडायच्या. त्यांनी स्पर्धा भरवली आणि पंच म्हणून ड्रिलचे एक सर आणले. रिटायर झालेले, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. कोणाच्या बाजूचे नव्हते, हे आज कबूल करतो.

सर एका रविवारी सकाळी आमचं मैदान बघायला आले. माप घेतलं, रेषा बघितल्या, म्हणाले, माती छान केलीय. मी त्यांना भिंत दाखवली. ते पहिल्या माशापासून चालत गेले, पाइपापाशी थांबले, पुढचे मासे बघितले. परत भिंतीच्या सुरुवातीपासून पावलं टाकली, तोंडातल्या तोंडात कबड्डी म्हणत. पाइपाच्या बरंच अलीकडे त्यांचा श्वास संपला.

"हे कोणी मोजलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"एवढा दम माणसाला नसतो हो."

"माझ्या भावाला आहे."

मग त्यांनी मान वळवली, मैदानाकडे तोंड केलं. त्यांचे खांदे थोडे हलले. परत माझ्याकडे वळून म्हणाले, "आत्ता मी काय विचारलं?"

मी म्हटलं, "तुम्ही काही विचारलं नाही."

"विचारलं. तुम्हाला ऐकू आलं नाही. तुम्ही माझं तोंड बघून बोलता. दमसुद्धा तोंड बघूनच मोजता का?"

माझं डोकं तापलं. बहिऱ्यांचं मंडळ म्हणणाऱ्यांतले आणखी एक. मी म्हटलं, "सर, चहा घ्या आणि चला. सामन्यात भेटू."

त्यांनी चहा घेतला नाही. जाताना भावाजवळ थांबले, त्याच्या छातीकडे बोट करून काही बोलले. मी लांबून ओठ वाचले. "दवाखान्यात दाखव." भावाचे ओठही वाचले. "खेळ झाल्यावर."

म्हणजे मला कळलं होतं. मी ते बघितलं होतं. मंडळाच्या इतिहासात ही गोष्ट कोणाला सापडणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. मी घरी जाऊन त्याला एवढंच विचारलं, "दम शे का?" तो म्हणाला, "शे ना, दादा. माले काय व्हयेल शे?" मला काय झालंय? आणि हसला. मग मी जेवलो आणि पाळीला गेलो.

शेवटचा सामना त्यांच्या शाळेच्या मैदानावर, दुपारी चार वाजता. गोडादऱ्याहून आमची शे-दीडशे माणसं आली होती, बायाही आल्या होत्या. समोर कचेरीवाल्यांचं मंडळ. पहिल्या डावात बरोबरी. भावाला मी राखून ठेवला होता. दुसऱ्या डावात सोडला. दोन चढाया रिकाम्या आल्या. तिसऱ्या चढाईत तो डावीकडून आत गेला, एक गडी मारला, दुसऱ्याला पाय लावला, वळला, मध्यरेषेकडे झेपावला. ओठ हलत होते. रेषेला हात टेकला. आमची सगळी माणसं उठली.

शिट्टी वाजली. सरांनी हात वर केला. दम तुटला, गडी बाद.

मी मैदानात कसा गेलो आठवत नाही. त्यांची कॉलर धरायची तेवढी बाकी होती. "ओठ हलत होते! सगळ्यांनी बघितलं!"

"ओठ हलत होते," सर म्हणाले. तोंड नीट माझ्याकडे करून, सावकाश. "आवाज नव्हता. रेषेपासून चार हात आत असतानाच गेला."

कचेरीवाल्यांकडून कोणीतरी ओरडलं असणार, कारण आमची पोरं तिकडे धावली. मला ओळखायला शब्द लागले नाहीत. कोणते शब्द असतील ते मी वर्षानुवर्षं ओळखत होतो. दगड हातात आले. सरांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि मला बाजूला घेतलं.

"ऐका," ते म्हणाले. "मी तुमच्याबद्दल विचारलं आहे. सगळे म्हणतात, तापट आहे, हट्टी आहे, पण खोटं बोलत नाही. तुमच्या भावाला इथं उभा करा. त्यानं म्हणावं, रेषेपासून रेषेपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. तुम्ही मागे उभे राहा. तोंडाकडे बघायचं नाही. तुम्ही सांगाल, दम टिकतो, तर मी निकाल फिरवतो."

असा पंच मी आधी बघितला नव्हता, नंतरही नाही.

भाऊ उभा राहिला. त्याच्यासमोर आमचे गडी, नाना, गोडादऱ्याची माणसं. मी त्याच्या मागे. त्यानं सुरू केलं असावं, कारण नाना बोटं दुमडून मोजायला लागला. मला काही ऐकू येत नव्हतं. वीतभर अंतरावर माझा सख्खा भाऊ कबड्डी म्हणत होता आणि माझ्या कानात फक्त खात्याचा तो जुना दाब होता. खात्यातली पंधरा वर्षं मी काय ऐकत होतो, मला कळेना.

मग मी त्याच्या पाठीवर तळहात ठेवला.

लूम बिघडला तर कारीगर त्याच्यावर हात ठेवतो. कुठं घासतंय, कुठं सुटलंय, हाताला कळतं. आवाजाची गरज नसते. माझ्या हाताला भावाच्या पाठीची हाडं लागली. बनियन ओली होती. आतून धक्के येत होते, एक, दोन, तीन, एका लयीत. सात, आठ. मग लय फाटली. आत काहीतरी ओढल्यासारखं झालं, लूमच्या सुकलेल्या पट्ट्यासारखी शिट्टी हाताला लागली. आणि मग काहीच नाही. पाठ बंद पडली.

समोर नाना बोटं दुमडतच होता. बारा, तेरा, चौदा. बाकीचे हसत होते, मान हलवत होते. ते त्याचे ओठ बघत होते. मीही पाइपापर्यंत तेच बघितलं होतं, आणि पाइपाच्या पुढेही.

त्याची मान कापत होती. अठरा. एकोणीस. नानानं दोन्ही हात वर केले.

सर माझ्याकडे आले. "सांगा."

भाऊ वळला. ओठ निळसर पडले होते. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. नेहमी मी विचारायचो आणि तो सांगायचा. आज सांगायचं माझ्याकडे होतं. पलीकडे ते धुतलेल्या कपड्यांचे लोक हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्यातला एक हसत होता.

"शे," मी म्हटलं. मग सरांसाठी परत म्हटलं, "आहे. दम आहे."

"तुमचा शब्द," सर म्हणाले आणि जाऊन निकाल फिरवला.

त्यानंतर भावाची एक चढाई झाली. मी त्याला बसवू शकलो असतो. बसवला असता तर माझा शब्द खोटा ठरला असता. तो आत गेला, तिसऱ्या पावलाला त्याचा घोटा धरला, वर पाच-सहा जण पडले. ते उठले तेव्हा तो उठला नाही. कुशीवर वळला आणि चुन्याच्या रेषेवर रक्त आलं. थोडं नाही. फेसाचं, लालभडक.

सगळे मागे सरकले. कचेरीवाले सरकले आणि आमचेही सरकले. प्लेग होऊन वर्षही झालं नव्हतं. मैदानाच्या मध्ये तो एकटा, भोवती रिकामा गोल. त्या गोलात पहिले सर गेले, गुडघ्यावर बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मग नाना. मी तिसरा.

सामना आम्ही जिंकलो. फिरवलेल्या निकालाच्या गुणांनी. ती ढाल मंडळाच्या कपाटात आहे. पोरांनी माझ्या यादीत तिला पहिला नंबर दिलाय.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी काळी फिल्म उजेडाकडे धरली. एका बाजूला काही उरलं नव्हतं, दुसऱ्या बाजूला ढग. "टीबी आहे. किती महिने झाले?" त्यांनी विचारलं. भाऊ पलंगावरून नुसत्या ओठांनी म्हणाला, "पाइपापुढचे सगळे खोटे, दादा." मी बाईंना म्हटलं, बरेच झाले.

गोळ्या फुकट मिळाल्या. त्याला गावी नेलं. गोळ्या खाऊन अंग भरलं, माय खूष झाली. अंग भरलं म्हणून त्यानं गोळ्या बंद केल्या. शेतात गेला. दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा आडवा पडला, तेव्हा गोळ्या लागू पडेनात. मला निरोप आला.

मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ओसरीत खाट टाकली होती. तो एवढासा झाला होता. आवाज केव्हाच गेला होता. माय उशाशी वाटी-चमचा घेऊन बसली होती. म्हणाली, "चार दिवस झाले, काहीतरी सांगतो, सारखं तेच. कोणालाच कळत नाही. तू बघ बरं."

मी त्याच्यासमोर बसलो, खात्यात बसायचो तसा, तोंड तोंडासमोर. त्यानं मला ओळखलं. ओठ हलायला लागले. श्वास नव्हताच त्यामागे, नुसते ओठ. घरातल्या कोणाला कळलं नसतं. मला प्रत्येक अक्षर कळलं.

त्यानं विचारलं, दादा, त्या दिवशी दम तुटलेला हाताला लागला होता ना तुझ्या? मग 'शे' असं का म्हणालास?

त्यानं परत विचारलं. तेच.

"काय म्हणतो?" मायनं विचारलं. तिनं माझ्या दंडाला हात लावून विचारलं, म्हणून मला कळलं.

"पाणी मागतो," मी म्हटलं.

मायनं चमच्यानं पाणी त्याच्या ओठाला लावलं. ते हलायचे थांबले. पाणी गालावरून उशीवर गेलं. तो माझ्याकडेच बघत होता.